वाट कुणी पाहायची? : ताप्ती खोऱ्यातल्या वेळापत्रकाची गोष्ट

रेल्वेचं वेळापत्रक म्हटलं की आपल्याला मुंबईची लोकल आठवते. आज मात्र आपण नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या फलाटावरून हा विषय पाहू. सुरत-जळगाव मार्गावरचं हे लहान स्टेशन. एका अंगाला नवापूर. तिथे एकाच स्टेशनाचा काही भाग गुजरातेत, काही महाराष्ट्रात. दुसऱ्या अंगाला खांडबारा, मग नंदुरबार. इथल्या माणसाची कोर्टकचेरी नंदुरबारला, आणि मजुरी बऱ्याचदा सुरतेकडे.

ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरतेकडून अमळनेरपर्यंत आली. मालकी एका कंपनीची, गाड्या चालवणार बी. बी. अँड सी. आय. रेल्वे. अमळनेर-जळगाव हा फाटा मात्र जी. आय. पी. रेल्वेचा. म्हणजे अमळनेरला उतरणाऱ्याला पुढची गाडी मिळणार की नाही, हे दोन वेगवेगळ्या कारभारांच्या समजुतीवर अवलंबून होतं.

त्यात घड्याळांचा घोळ. रेल्वे तेव्हा मद्रास वेळ पाळत असे. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे ३० मिनिटं पुढे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली आणि मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकवायची वेळ आली. मुंबईकरांनी विरोध केला. सभा झाल्या, आणि नगरपालिकेने पुढे कित्येक वर्षं 'मुंबई वेळ' सोडली नाही. पण ज्याच्या घरी घड्याळच नाही, त्या पाड्यावरच्या माणसाने कशाला विरोध करायचा? त्याने एकच केलं : तो लवकर येऊन फलाटावर बसला.

आमच्या मते इथेच विषयाचं मर्म आहे. वेळापत्रक वाट पाहणं संपवत नाही, ते वाटून देतं. हा मार्ग एकेरी होता तेव्हा समोरून गाडी आली की एकीला क्रॉसिंगसाठी बाजूच्या रुळावर थांबावंच लागे. आणि थांबायचं कुणी? बहुधा पॅसेंजरने. आता मार्ग दुहेरी झालाय, विजेवर गाड्या धावतात. समोरच्या गाडीचं क्रॉसिंग गेलं, पण मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजरच बाजूला होते.

स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडायला सुरुवात केली, आणि १९८७ च्या सार्वमतात 'बान २०००' योजनेला लोकांनी मंजुरी दिली. विचार साधा आहे. मोठ्या स्टेशनांत सगळीकडच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी पोचतात, आणि ठोक्यानंतर निघतात. मधल्या काही मिनिटांत उतारू गाडी बदलतो. गाडी किती वेगाने पळवायची, रूळ कुठे सुधारायचा, हे त्या मेळावरून ठरतं. आधी मेळ, मग वेग.

तोच देश आपण उचलून आणू शकत नाही, पण प्रश्न आणू शकतो. अक्कलकुवा, धडगावला रेल्वे नाही. तिथल्या माणसाची पुढची गाडी म्हणजे नंदुरबारची एसटी. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याच्या महामंडळाची. पॅसेंजर अर्धा तास उशिरा आली आणि एसटी दहा मिनिटं आधी सुटली, तर दोन्ही खाती आपापल्या कागदावर बरोबरच असतात; मजुराचा रोज मात्र बुडतो. म्हणून नवं वेळापत्रक हातात आलं की आपण एक्स्प्रेसची किती मिनिटं वाचली ते पाहून थांबू नये. ती मिनिटं कुणाकडून घेतली, हेही विचारावं.