भारतीय फुटबॉल संघाचे गोमंतकीय प्रशिक्षक

भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षकपद २०११ मध्ये पाठोपाठ दोन गोमंतकीयांकडे आले. बॉब हॉटन यांच्यानंतर नियुक्त झालेले धेंपो क्लबचे आर्मांदो कुलासो काही महिन्यांतच पायउतार झाले. त्यांच्या काळात विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीकडून ०-३ असा पराभव झाला. दिल्लीतील परतीचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. सावियो मेदेरा यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने डिसेंबरमध्ये अफगाणिस्तानला ४-० नमवून सॅफ करंडक जिंकला. मार्च २०१२ मध्ये मात्र एएफसी चॅलेंज चषकातील तिन्ही सामने गमावले. पुढील भारतीय प्रशिक्षक, खालिद जमील, ऑगस्ट २०२५ मध्ये आले. आशियाई क्रीडा स्पर्धेत १९५१ व १९६२ ची सुवर्णपदके मिळवून देणाऱ्या सय्यद अब्दुल रहीम यांना लाभलेला दीर्घ अवधी या दोघांच्या वाट्याला आला नाही.