समुद्रकामगारांची वारसभरपाई (अहिल्यानगर जिल्हा)

जहाज, बार्ज, टग किंवा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामावर असताना मरण पावलेल्या कामगाराच्या आश्रितांना कायद्याने मिळणारी रक्कम. अहिल्यानगरला किनारा नाही, म्हणून हा विषय रायगड-रत्नागिरीचा, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. कामगार भरपाई अधिनियम, 1923 मध्ये 1995 साली दुरुस्ती झाली आणि अपघात कुठेही घडला तरी आश्रित जिथे राहतात तिथल्या कामगार भरपाई आयुक्तांपुढे दावा लावण्याची सोय झाली. या अधिनियमाच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. पाथर्डी किंवा जामखेडच्या विधवेला मुंबईला खेटे घालण्याची सक्ती नाही. ऊसतोडीसाठी दरवर्षी परमुलखात जाणाऱ्या या तालुक्यांना लांबचा मृत्यू नवा नाही. हक्क घराजवळ मागता येतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात पी-305 ही बार्ज मुंबईलगतच्या समुद्रात बुडाली. तिच्यावर 261 जण होते आणि काही मृतांची ओळख डीएनए चाचणीनेच पटली. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या कामावर ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांची ती राहण्याची जागा होती. सीडीसी (खलाशाचे सेवा-नोंदपुस्तक) असलेल्या खलाशाला नॅशनल मेरिटाइम बोर्डाच्या कराराचा आणि भारताने 2015 मध्ये मान्य केलेल्या 2006 च्या सागरी कामगार कराराचा आधार असतो. त्याच बार्जवर झोपणाऱ्या वेल्डरच्या घरच्यांना बहुधा साध्या भरपाई कायद्यावरच अवलंबून राहावे लागते. तो कायदा अगदीच तुटपुंजा नाही. 1923 च्या अधिनियमाखाली मासिक वेतनाची मर्यादा 2020 पासून 15,000 रुपये झाली. मृताचे वय 30 असेल, तर वेतनाचा निम्मा भाग, म्हणजे 7,500, गुणिले त्या वयासाठीचा गुणांक 207.98, रक्कम होते 15,59,850 रुपये. अंत्यविधीचा खर्च वेगळा.

कंपनी ताबडतोब पैसे देत असेल तर कोर्टकचेरी कशाला, असा एक आक्षेप असतो. सानुग्रह अनुदान घ्यायला हरकत नाही, पण ती भरपाई नव्हे. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने रक्कम आयुक्तांकडेच भरायची असते. परस्पर वारसाच्या हाती दिलेले पैसे कायदा भरपाई म्हणून धरत नाही. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल एवढाच अपवाद. या सक्तीमुळेच कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन प्रकरण मिटवता येत नाही आणि विधवेचा व अज्ञान मुलांचा वाटा आयुक्त ठरवतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परदेशी जहाजाचा मालक अहिल्यानगरच्या तारखेला कशाला येईल? अशा वेळी जहाजाच्या एजंटाचे कार्यालय जिथे असेल तिथे, म्हणजे बहुधा मुंबईत, दावा लावणेच व्यवहार्य ठरते आणि अधिनियमात तीही वाट होती. मात्र देशी ठेकेदाराबाबत ही सबब लंगडी आहे. हजेरीपट, पगारपत्रक, विम्याची पॉलिसी हे सारे त्याच्याकडेच असते. आश्रितांनी सिद्ध करायचे ते नाते आणि अवलंबित्व, आणि त्याचे साक्षीदार गावातच असतात. 1923 च्या अधिनियमात रक्कम महिन्याभरात न भरल्यास 12 टक्के व्याज आणि थकबाकीच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड होता. दाव्याची मुदत सर्वसाधारण कामगारासाठी दोन वर्षे, तर खलाशाच्या वारसांना मृत्यूची बातमी कळल्यापासून एकच वर्ष होते.