गोवळकोंड्याचे चित्र आणि कोल्हापूरचा चित्रकार



छत्रपती शिवाजी महाराजांचे रूप डोळ्यांसमोर आणा असे म्हटले, तर आपल्यापैकी बहुतेकांना एकच चेहरा आठवेल. जिरेटोप, मोत्यांच्या लडी, कोरलेली दाढी, धारदार नाक आणि शांत तरी रोखलेली नजर. महाराष्ट्रात शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर दिसणारे हे चित्र कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे (१९१८–२००२) यांचे. १९७० च्या दशकात महाराष्ट्र शासनाने ते अधिकृत म्हणून मान्य केले. आपल्या डोळ्यांना ते इतके सवयीचे झाले आहे की, महाराजांच्या निधनानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी ते रंगविले गेले, याचा आपल्याला विसर पडतो. मग हा चेहरा आला कोठून? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग आपल्या या शहराशी निगडित आहे.

१६७७ च्या आरंभी, कर्नाटकच्या मोहिमेवर निघालेले महाराज भागानगरास आले. अबुल हसन कुतुबशहा व त्याचा प्रधान मादण्णा यांच्याशी त्यांच्या भेटी झाल्या, करार झाला. महाराजांचा मुक्काम सुमारे महिनाभर होता. त्या काळी गोवळकोंड्याचे चित्रकार राजे-सरदारांच्या छोट्या आकाराच्या तसबिरी काढीत, आणि मच्छलीपट्टणच्या बंदरातून व्यापार करणाऱ्या युरोपीय मंडळींत त्यांना मागणी असे. ॲमस्टरडॅमचे नगराध्यक्ष निकोलास विट्सेन यांच्या संग्रहातील असा ४९ चित्रांचा संच आज तेथील राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्यात शिवाजी महाराजांची तसबीर आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्येही याच घराण्यातली एक तसबीर आहे. ही चित्रे १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेण्यापूर्वीच्या काही वर्षांतली मानली जातात. चित्रकारांची नावे मात्र उरली नाहीत. महाराज या नगरीत येऊन गेल्यावर दहा वर्षांच्या आत ही चित्रे निघाली. यावरून चित्रकाराने त्यांना समक्ष पाहिले होते असे सिद्ध होत नाही. परंतु ज्यांनी पाहिले होते अशी माणसे तेव्हा या शहरात हयात होती, एवढे निश्चित.

या जुन्या चित्रांनी आपल्यासाठी काय जपले, हे नीट समजून घेतले पाहिजे. दख्खनी कलमाचा भर रेषेवर. नाकाचा उतार, दाढीची ठेवण, पागोट्याचा बांध या गोष्टी ती रेषा टिपते. पण रंग सपाट भरलेला असतो. छायाप्रकाश नसतो, त्यामुळे चेहऱ्याचा उठाव कळत नाही.

१७२४–२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅलेंटाईनच्या डच ग्रंथातही महाराजांचे कोरीव चित्र छापले गेले. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे महाराजांचे म्हणून भलतेच चित्र प्रचारात होते. ते इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक उघड करून १९३३ साली डच साधनांतले चित्र प्रसिद्ध केले. ज्याला आपण हात जोडतो तो चेहरा कोणाचा, हे तपासण्याचे धाडस एका अभ्यासकाने केले. बेंद्रे यांचे हे ऋण मोठे आहे.

कांबळे यांच्यापुढचे काम यानंतरचे. चित्रपटांची भव्य पोस्टरे रंगविण्यात त्यांचा हात तयार झाला होता. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) ची त्यांची पोस्टरे गाजली. दुरून पाहणाऱ्यालाही चेहरा जिवंत वाटावा, ही त्या धंद्याची अट. जुन्या तसबिरींतले नाक आणि दाढी त्यांच्या चित्रात ओळखू येतात. त्या आराखड्यावर त्यांनी प्रकाश टाकला, गालाला गोलाई दिली, डोळ्यांत भाव आणला. हा भाग पुराव्याचा नव्हे, कलावंताच्या कल्पनेचा. एकट्या वर्णाचेच पाहा. १६६४ साली सुरतेहून पत्र लिहिणारा इंग्रज एस्कॅलिओ महाराजांना त्यांच्या माणसांहून उजळ म्हणतो, तर फ्रेंच प्रवासी थेवेनो सावळे म्हणतो. दोघांचीही माहिती ऐकीव. डोळे तीक्ष्ण होते यावर मात्र दोघांचे एकमत. वास्तववादी चित्रकाराला अशा वेळी ‘माहीत नाही’ म्हणून जागा कोरी सोडता येत नाही. त्याला एक रंग निवडावाच लागतो.

म्हणून या दोन चित्रांत खरे कोणते, असा वाद घालू नये. एक साक्षीदार आहे, दुसरा कीर्तनकार. साक्षीदार तुटक बोलतो, पण त्याला वगळून निवाडा होत नाही. कीर्तनकार रसाळ सांगतो, पण त्याचे आख्यान पुरावा म्हणून कोणी दाखल करीत नाही. दोघांची जागा एकच मानली की, इब्राहिमखानाच्या चित्रासारख्या चुका पुन्हा घडतात.

हैदराबादच्या मराठी माणसाला यात आणखी एक गोष्ट लाभते. आपल्या राजाचे जे मोजके जुने रूप जगात उरले आहे, त्यातला मोलाचा वाटा कुतुबशाही राज्यातील अनामिक चित्रकारांचा आहे. दैवत आपले, कुंचला या भूमीचा. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गोवळकोंड्याचा किल्ला चढाल, तेव्हा तोफांबरोबर त्या कुंचल्याचीही आठवण त्यांना सांगा.