रंगातून प्रथिनांची ओळख: बहुवारिक पुटिकांचा इतिहास

बहुवारिक पुटिका म्हणजे बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) पातळ पटलाने बनलेल्या सूक्ष्म, पोकळ पिशव्या. त्यांची पूर्वपीठिका 1960 च्या दशकातली आहे. केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी मेद-रेणू पाण्यात आपोआप बंद पिशव्या बनवतात, हे दाखवले. या पिशव्या पुढे लायपोसोम म्हणून ओळखल्या गेल्या. मात्र त्या नाजूक होत्या. 1999 मध्ये अमेरिकेत डेनिस डिशर, डॅनियल हॅमर आणि सहकाऱ्यांनी द्विखंडी सहबहुवारिकांपासून कितीतरी चिवट पुटिका घडवल्या. त्यांना पॉलिमरसोम हे नाव मिळाले.

अशा पुटिकांचा संवेदक, म्हणजे पदार्थ ओळखणारे साधन, म्हणून वापर करण्याची वाट पॉलिडायअ‍ॅसिटिलीन या बहुवारिकाने खुली केली. डायअ‍ॅसिटिलीन मेदाम्लांच्या पुटिकांवर अतिनील किरण सोडले की रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रावण गडद निळे होते. पटलावर ताण आला की बहुवारिकाची साखळी पिळवटते व निळा रंग लाल होतो. 1993 मध्ये डेबोरा चॅरिच आणि सहकाऱ्यांनी अशाच पटलावर, इन्फ्लुएन्झाचे विषाणू ज्याला चिकटतात ते सायलिक आम्ल बसवून ते विषाणू ओळखले. 1995 मध्ये ही युक्ती पुटिकांवरही साधली.

प्रथिने ओळखायची तर पुटिकेवर त्यांना चिकटणारी पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, हवीत. अशा पेप्टाइडांची निवड सुकर झाली ती जॉर्ज स्मिथ यांच्या 1985 च्या फाज-प्रदर्शन तंत्रामुळे; त्यात जिवाणूंच्या विषाणूंवर (फाजवर) पेप्टाइडे मांडून हवी ती वेचता येतात. या तंत्रासाठी त्यांना 2018 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे पेप्टाइड पुटिकेवर जोडले, की ते प्रथिन पकडले जाते आणि पटलातील बदल रंगातून वा प्रकाशातून टिपता येतो. रक्तासारख्या मिश्रणात इतर प्रथिनेही पटलाला चिकटतात. म्हणून नेमकेपणा हीच या संवेदकांची खरी कसोटी आहे.