घोणस, बाळंतपण आणि वाटाण्याएवढी ग्रंथी

पावसाळ्यात बोदवडच्या आसपास कपाशीची निंदणी सुरू झाली, की घोणस चावण्याची धास्ती असते. प्रतिविषाची इंजेक्शने मिळाली, रक्त नीट गोठू लागले, किडनी सावरली, की रुग्ण घरी येतो. पण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच माणूस सतत थकलेला राहू लागला, दाढी विरळ झाली, बाई असेल तर पाळी बंद झाली, तर? घरचे म्हणतात, ‘विषाने अंगातली ताकद गेली.’ खरे कारण डोक्यात असू शकते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. मेंदूतला कफ तिच्यातून नाकात उतरतो, असे जुन्या काळी युरोपातले वैद्य समजत. कफ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच तिला हे नाव पडले.

१९३७ मध्ये ब्रिटिश पॅथॉलॉजिस्ट हॅरॉल्ड शीहान यांनी वेगळीच गोष्ट मांडली. बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेल्या काही स्त्रियांची पिट्युटरी मृत झालेली त्यांना आढळली. गरोदरपणात ही ग्रंथी वाढते, तिला जास्त रक्त लागते. ते अचानक कमी पडले की पेशी मरतात. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही.

पुढे १९८७ मध्ये ब्रह्मदेशातील घोणसदंशाच्या रुग्णांत हेच चित्र ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. घोणसीच्या विषाने रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, रक्तस्रावही होतो, आणि पिट्युटरीला इजा पोहोचते. भारतातही असे रुग्ण सापडले आहेत.

मग हायपोथॅलॅमसचे काय होते? हा मेंदूचा भाग पिट्युटरीच्या अगदी वर असतो. तो बारीक रक्तवाहिन्यांतून रासायनिक निरोप पाठवून पिट्युटरीला हुकूम देतो, हे जेफ्री हॅरिस यांनी १९५५ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. असे निरोप वेगळे काढून ओळखल्याबद्दल रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल मिळाले. शरीरात थायरॉईड किंवा कॉर्टिसॉल कमी पडले, की हायपोथॅलॅमस निरोप वाढवतो. पण पिट्युटरीच निकामी असेल, तर निरोप ऐकणारे कोणी उरत नाही. म्हणून थायरॉईड संप्रेरक कमी असूनही टीएसएच वाढत नाही, आणि फक्त टीएसएच पाहून ‘थायरॉईड नॉर्मल’ असे वाटते.

तुमच्या घरात असे कोणी असेल, तर डॉक्टरांना सर्पदंश किंवा बाळंतपणातला रक्तस्राव आवर्जून सांगा, कितीही वर्षे झाली असली तरी. सकाळचे कॉर्टिसॉल, एफटी४, टीएसएच आणि गरजेप्रमाणे एमआरआय यावरून निदान होते. एक गोष्ट लक्षात ठेवा : कॉर्टिसॉल कमी असेल, तर आधी स्टेरॉईड आणि मगच थायरॉईडची गोळी. उलटे केले, तर जीवावर बेतू शकते. सुरू झालेले स्टेरॉईड स्वतःहून कधीही बंद करू नका. ताप किंवा उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांकडे जा. अशा वेळी डोस वाढवावा लागतो.

अनेक वर्षे ‘कमजोरी’ म्हणून टॉनिक घेत राहिलेला माणूस योग्य गोळ्यांनी पुन्हा शेतात उभा राहू शकतो. त्यासाठी ती जुनी घटना कोणीतरी विचारायला हवी, किंवा तुम्ही सांगायला हवी.