मोंतोने : टेकडीवरचं गाव आणि माणगावचा नाईक



युरोपला जायचं ठरलं की आपली यादी ठरलेली असते. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, व्हेनिस. ती एकदा संपली की लोक विचारतात, "साहेब, आता एखादं लहान गाव सांगा, जिथे गर्दी नसेल." आज असंच एक गाव सांगतो. मोंतोने. मध्य इटलीत, उंब्रिया प्रांतात, पेरूजा शहराच्या उत्तरेला. वस्ती दोन हजारांच्या आत.

हे गाव टेकडीच्या माथ्यावर आहे. भोवती जुना तट, आत जायला वेशी, दगडी घरं आणि चढउताराच्या अरुंद गल्ल्या. तटाशी उभं राहिलं की खाली टायबर नदीचं खोरं दिसतं. हीच नदी पुढे रोममधून वाहते. समोर ऑलिव्हच्या बागा, द्राक्षमळे, ओकची झाडी. प्रवासी इथे फोटो काढतात. फौजी माणसाची नजर मात्र वेगळीकडे जाते. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की खालून वर येणारा प्रत्येक माणूस इथून दिसतो.

गाव तिथे वसलंच त्यासाठी. मध्ययुगात इटली एक देश नव्हता. शहरं एकमेकांशी लढत, भाडोत्री सेनापती सैन्य घेऊन फिरत. त्यांच्यापैकी एक मोठं नाव म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो. जन्म 1368, मूळ घराणं या मोंतोनेचंच. 1416 मध्ये त्याने पेरूजा जिंकून घेतलं. अशा काळात गाव सपाटीवर वसवणं परवडणारं नव्हतं. आपल्याकडे सह्याद्रीत गड का बांधले, हे ज्याला कळतं त्याला उंब्रियाची गावं समजावून सांगावी लागत नाहीत.

आता 1944 मध्ये येऊ. 4 जूनला रोम दोस्तांच्या हाती आलं. जर्मन सैन्य उत्तरेला मागे हटू लागलं. पण ते पळत नव्हतं. उत्तरेच्या डोंगरांत त्यांची पक्की संरक्षणफळी तयार होत होती आणि तिच्यासाठी त्यांना वेळ हवा होता. म्हणून ते प्रत्येक टेकडीवर थोडे लोक आणि मशिनगन ठेवत, दोन-चार दिवस अडवत आणि मग पुढच्या टेकडीवर जात. पाचशे वर्षांपूर्वी जी जागा बचावाला चांगली होती, ती अजूनही चांगलीच होती.

टायबरच्या खोऱ्यातून वर सरकत होती आपली 10वी इंडियन डिव्हिजन. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती आणि त्या बटालियनमध्ये होते नाईक यशवंत घाडगे. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या माणगाव तालुक्याचे. वय 22.

10 जुलै 1944. घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. सेक्शन म्हणजे दहाएक माणसं. घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. अशा वेळी आडोसा घेऊन मदतीची वाट पाहिली असती, तरी कोणी दोष दिला नसता. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. आधी ग्रेनेड फेकला. त्यात मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी झाले. मग एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी हातातल्या बंदुकीची नळी धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथेच पडले. ठाणं आपल्या ताब्यात आलं होतं.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांतले 6 हिंदी फौजेचे आणि त्या सहांतले 2 मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे शिपाई नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. 1945 च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना वाचवलं, एकट्याने मशिनगनची ठाणी घेतली आणि ते जिवंत परत आले. घाडगे परतले नाहीत. त्यांची कबर किंवा समाधीही नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे, देह न सापडलेल्या चार हजारांहून अधिक जवानांच्या नावांत.

इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. ही लढाई आपली होती का? घाडगे पडले त्या दिवशी पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. कैदेत ठेवणारं सरकार तेच आणि घाडगे यांच्या गणवेशाचंही सरकार तेच. हा पेच मी सोडवू शकत नाही. गोड शब्दांत तो झाकूही नये.

पण मोंतोनेला गेलात तर जवळच्या गुब्बिओलाही जा. तेही देखणं दगडी शहर आहे. 22 जून 1944 ला तिथे जर्मनांनी 40 नागरिकांना गोळ्या घालून मारलं, आपल्या एका अधिकाऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून. घाडगे पडले त्याच्या फक्त 18 दिवस आधी. त्या डोंगरातल्या माणसांना हे सैन्य कोणत्या राजाचं, यापेक्षा ते वेळेत पोचतं की नाही, याची चिंता होती. घाडगे यांनी मोकळी केलेली वाट त्यांच्यासाठी होती. माझ्यापुरतं उत्तर तेवढंच आहे.

मोंतोनेनेही ते लक्षात ठेवलं. उशिरा, पण ठेवलं. 2023 च्या जुलैत गावाची नगरपालिका आणि इटलीतले लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून तिथे यशवंत घाडगे स्मारक उभारलं. त्यावर तलवार नाही, तोफ नाही. ते एक सूर्यघड्याळ आहे. त्याचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाताना आपण माणगाव ओलांडतो, चहाला थांबतो आणि पुढे निघतो. इटलीची तिकिटं काढण्याआधी एकदा तिथे गाडी थांबवा. मग मोंतोनेच्या तटावरून खालचं खोरं पाहाल तेव्हा फोटो काढाच, पण नजर थोडी खालच्या उतारावरही जाऊ द्या. तो चढ आपल्या एका माणसाने चढला होता.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.