जनल, मेश, कसेरा

"जनल क्लोज, सर. मॉस्किटो!"

फोर्ट कोचीतल्या गेस्टहाउसवरच्या पोऱ्याने खोली दाखवता दाखवता ही सूचना केली आणि खिडकी लावून घेतली. खोली बरी होती. २२०० रुपयांत एसी, स्वच्छ चादरी आणि सकाळी पुट्टू-कडल्याचा नाश्ता. अजून काय पाहिजे? फाइव्ह स्टार आपल्याला झेपत नाही, आणि बॅकपॅकरांच्या डॉर्मिटरीत झोपायचं वय गेलं. आयटीवाल्यांचा मध्यममार्ग!

पण ते 'जनल' डोक्यात राहिलं. संध्याकाळी त्याला खोलीतल्या एकेका वस्तूचं मल्याळम नाव विचारत बसलो. खिडकी म्हणजे जनल, टेबल म्हणजे मेश, खुर्ची म्हणजे कसेरा, कपाट म्हणजे अलमारा. मंडळी, हे चारही शब्द मूळचे पोर्तुगीज. हसायचं कारण नाही, कारण आपली चावी, पगार, बटाटा आणि पावही त्याच बोटीतून उतरलेत. पोर्तुगीज गेले, त्यांचं फर्निचर राहिलं.

मुळात हे बंदरच अपघाताने झालेलं. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, उत्तरेकडचं जुनं मुझिरिस गाळाने बुजलं आणि इकडे कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. १५०० साली पोर्तुगीज आले. कालिकतच्या सामुतिरीशी कोचीच्या राजाचं वैर होतं, त्यामुळे त्याला नवा दोस्त हवाच होता. १५०३ मध्ये किल्ल्याला परवानगी मिळाली. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांना हाकललं, १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना. पुढे १९२० नंतर रॉबर्ट ब्रिस्टोने खाडीतला गाळ उपसून विलिंग्डन बेट उभं केलं आणि मोठी जहाजं तिकडे लागायला लागली. इकडच्या जुन्या घरांचं मग काय करायचं? गेस्टहाउस!

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चला गेलो. एका भिंतीला पोर्तुगीजांच्या कबरींचे दगड, समोरच्या भिंतीला डचांच्या. जमिनीवर कठड्याच्या आत वास्को द गामाचा दगड. १५२४ च्या डिसेंबरात तो कोचीतच वारला. पण कबर रिकामी आहे, अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले. तरी सगळे फोटो काढत होते. मीही काढला, खोटं कशाला बोलू?

खरी गंमत पुढे आहे.

डचांचा इथला कमांडर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने १६७० च्या दशकात मलबारच्या वनस्पतींची नोंद करायला घेतली. 'होर्टुस मलबारिकुस' हा त्याचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून निघाला. १२ खंड, सातशेच्या वर वनस्पती. लिनियसनेही पुढे याचा आधार घेतला. मुखपृष्ठावर अर्थात ऱ्हेडेचं नाव. पण झाडांची माहिती त्याला कुणी दिली? एक होता इट्टी अच्युतन नावाचा स्थानिक वैद्य. आणि बाकीचे तिघे होते रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. नावं ओळखीची वाटली ना? हे कोकणी ब्राह्मण. पहिल्या खंडात त्यांचं १६७५ सालचं प्रशस्तिपत्र छापलंय, कोकणीत आणि नागरी लिपीत! आपण दोन वर्षं हे काम केलं, असं ते त्यात सांगतात. चित्रांवरही झाडांची नावं लॅटिन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिपींत आहेत. ज्या काळात शिवाजी महाराज राज्य करत होते, त्या काळात.

मग हे तिघे कोचीत कसे? गोव्यात १५४० मध्ये देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं. कितीतरी कोकणी कुटुंबं देव उचलून दक्षिणेला निघाली. पण कोचीतही पोर्तुगीजच होते की! उत्तर दोन-एक किलोमीटरवर आहे. फोर्ट कोची पोर्तुगीजांची, मट्टनचेरी राजाची. राजाने कोकण्यांना जागा दिली, ज्यूंनाही दिली. ज्यूंचं सिनेगॉग १५६८ चं, राजवाड्याला अगदी चिकटून. एकाच गावात पळवून लावणारेही होते आणि आसरा देणाराही. मला तर आख्ख्या कोचीत याहून मोठं काही दिसलं नाही.

दुपारी मट्टनचेरीत चेरलाई भागात भटकत होतो. एका दुकानात पाणी घेताना बायकोशी मराठीत बोललो, तर गल्ल्यावरचे आजोबा चमकले. "तुमी खंयचे?"

माझी आजी मालवणची. तिच्या तोंडचं 'खंय' कानावर पडून वीस वर्षं झाली असतील. समजलं सगळं, पण तोंडातून उत्तर निघेना. शेवटी हिंदीत म्हणालो, "पुणे से." मग मीच विचारलं, "और आप, मामा?"

"आमी गोंयचे," ते म्हणाले. गोव्याला कधी गेलात, तर म्हणे एकदा, देवदर्शनाला.

साडेचारशे वर्षांपूर्वी सोडलेलं गाव त्यांच्या तोंडात अजून आहे. माझ्या आजीचं गाव दोन पिढ्यांत माझ्या तोंडातून गेलं. मला ना कुणी हाकललं, ना माझं देऊळ पाडलं. इंग्लिश मीडियम, पुणे, नोकरी. बस्स, एवढ्यात काम झालं.

ऱ्हेडेची भलीमोठी कबर सुरतेला आहे. भट-पंडितांची कबर असणार कुठे? त्यांच्या नावाने उरलंय ते एक छापील पान. ते त्यांनी आपल्या भाषेत लिहिलं म्हणून आपल्याला ते कोकणी होते हे कळतं.

असो. सोमवारी चेकआउट करताना आठवलं, रजिस्टरमध्ये 'कुठून आलात' या रकान्यात मी सवयीने 'पुणे' लिहिलं होतं. ते खोडलं नाही, खोटं नव्हतंच. पण परतल्यावर आईला फोन लावला आणि म्हटलं, आजपासून माझ्याशी मालवणीत बोल. आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "माका तरी खंय धड येता आता?"

बघू. दोघं मिळून शिकू.